दुकानात दाद कशी मागायची: काउंटरपासून ग्राहक आयोगापर्यंत

एक दुकानदार आल्याआल्या गादीवर बसवतो, पाणी देतो, चहा मागवतो, हसतमुखाने वीस-पंचवीस साड्या उलगडून दाखवतो, आणि बिल मागितलं की म्हणतो, "बिल कशाला ताई, दुकान आपलंच आहे." दुसरा गल्ल्यावरून मान वर करत नाही, पाचशेची नोट पुढे केली की "सकाळी सकाळी सुटे कुठून आणू?" म्हणून खेकसतो. पण वजन चोख देतो, न मागता पक्कं बिल फाडतो, आणि आठ दिवसांत बिघडलेली इस्त्री काउंटरवर ठेवली की एक प्रश्न न विचारता बदलून देतो.

चांगली सेवा यातल्या दुसऱ्याची, असं माझं ठाम मत आहे. गोड बोलणं फुकट मिळतं. परत आलेल्या गिऱ्हाइकाशी दुकान कसं वागतं, यात दुकानदाराचे पैसे जातात, म्हणून त्याची परीक्षा तिथे होते. आपली अडचण अशी, की दुकानदार उद्धट बोलला की आपण चारचौघांत भांडतो आणि गोड बोलून लुबाडलं की गप्प बसतो. पुढचा सगळा लेख हा क्रम उलटा करण्यासाठी आहे.

पहिली पायरी: तक्रार कशाची आहे ते ठरवा

दुकानाविरुद्धच्या तक्रारी तीन प्रकारच्या असतात आणि प्रत्येकीचा रस्ता वेगळा असतो. बहुतेकांचं काम अडतं ते इथेच.

पहिला प्रकार वागणुकीचा. विक्रेत्याने दुर्लक्ष केलं, "घ्यायचं असेल तर घ्या" म्हणाला, ट्रायल रूमसाठी ताटकळत ठेवलं, कपड्यांवरून ऐपत जोखली. चीड येणं साहजिक आहे, पण नुसत्या उद्धटपणावर ग्राहक आयोगात, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या न्यायमंचात, फारसं काही हाती लागत नाही. मालक दुकानात असेल तर त्याला बाजूला घेऊन सांगा. साखळी दुकान असेल तर त्यांच्या ग्राहक सेवेच्या ईमेलवर तारीख, वेळ आणि शाखा लिहून कळवा. कर्मचाऱ्याचं नाव छातीवरच्या पट्टीवर असतं, तेही लिहा. पुण्यातल्या पाट्यांवर आणि दुपारी १ ते ४ बंद दुकानांवर आपण इतकी वर्षं विनोद करत आलो, पण दुपारी दुकान बंद ठेवणं हा काही गुन्हा नव्हे. मात्र चोरीचा आळ घेऊन सगळ्यांसमोर पिशव्या उपसणं, अंगझडती घेणं किंवा जातीवरून बोलणं याला वागणूक म्हणून सोडून देऊ नका. ते पोलिसांकडे न्यायचं प्रकरण आहे.

दुसरा प्रकार दुकानाच्या नियमांचा. रंग घरी गेल्यावर आवडला नाही, ब्लाउजपीस जुळलं नाही, नणंदेने तसलाच ड्रेस आधीच आणला होता. माल चांगला असेल तर तो निव्वळ आवडला नाही म्हणून परत घ्यायला कायदा दुकानदाराला भाग पाडत नाही. हे अनेकांना पटत नाही, पण खरं आहे. बदलून देणं ही त्याची मर्जी किंवा त्याचं धोरण. त्यामुळे पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: किती दिवसांत बदलून मिळेल, पैसे परत मिळतात की तेवढ्याच किमतीची चिठ्ठी मिळते, आणि सवलतीत घेतलेल्या मालाला हाच नियम आहे का. सेलमधल्या कपड्यांना बहुतेक ठिकाणी वेगळा नियम असतो आणि तो फार बारीक अक्षरात असतो.

तिसरा प्रकार हक्काचा. सदोष माल, कमी वजन, छापील किमतीपेक्षा जास्त आकारणी, बिल नाकारणं, खोटं सांगून विकणं. इथे दुकानदाराची मर्जी संपते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे आणि त्याच्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे. बिल न देणं त्यात आहे. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं हेही त्यात आहे. भिंतीवरची 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी सदोष मालाला लागू होत नाही. पाटी लावल्याने कायदा बदलत नाही, मग ती कितीही सुवाच्य अक्षरात असो.

दुसरी पायरी: बिल

बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा. बिल नसेल तर तुम्ही तिथून ती वस्तू घेतली होती हेच आधी सिद्ध करत बसावं लागतं.

जीएसटी नोंदणी असलेल्या दुकानदाराला २०० रुपयांखालच्या खरेदीवर न मागता बिल देण्याची सक्ती नाही, पण तुम्ही मागितलं तर द्यावंच लागतं. "पक्कं बिल हवं असेल तर जीएसटी वरून लागेल" हे वाक्य फर्निचर, फरशी, विजेचं सामान आणि मोबाइलच्या दुकानांत हमखास ऐकू येतं. त्याचा अर्थ एवढाच की कच्च्या चिठ्ठीवर तुमची थोडी बचत होते आणि दुकानदाराची हिशेबातून सुटका होते. पुढे माल बिघडला तर त्या चिठ्ठीवर दुकानाचं नावसुद्धा नसतं. हा व्यवहार कधीच तुमच्या फायद्याचा नसतो.

छोट्या दुकानांपैकी काही जण जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यापाऱ्यांसाठी ठोक कराची सोय) असतात. त्यांना गिऱ्हाइकाकडून वेगळा कर लावता येत नाही आणि तसं बिलावर लिहावं लागतं. तेव्हा 'कंपोझिशन' असं छापलेल्या बिलावर खाली कर जोडलेला दिसला, तर तिथेच बोट ठेवा.

बिल हातात आलं की निघण्याआधी वाचा. दुकानाचं नाव-पत्ता, तारीख, वस्तूचं नेमकं वर्णन, मॉडेल, आणि यंत्र असेल तर सीरियल नंबर. मोबाइलचा आयएमईआय (ओळख) क्रमांक बिलावर आणि खोक्यावर एकच आहे का ते बघा. 'मिक्सर १ नग' असं लिहिलेलं बिल हमीच्या वेळी निरुपयोगी ठरू शकतं. आणि घरी पोचल्यावर, खरं तर दुकानाच्या पायरीवरच, बिलाचा फोटो काढा. थर्मल कागदावरची अक्षरं कपाटात काही महिन्यांत उडतात, आणि हमीची गरज नेमकी त्यानंतरच पडते.

आता एक गोष्ट जी बाहेरून लक्षात येत नाही. मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानात टीव्ही किंवा फ्रिजसमोर तुम्हाला भेटणारा विक्रेता बरेचदा त्या दुकानाचा नोकर नसतो. कंपनीने आपला माल खपवायला तिथे उभा केलेला माणूस असतो, आणि त्याला महिन्याचं विक्रीचं लक्ष्य गाठायचं असतं. म्हणून तो शेजारच्या कंपनीच्या फ्रिजकडे तुम्हाला वळूच देत नाही. तो जे बोलतो, "पॅनेलवर पाच वर्षं हमी, स्टॅबिलायझर फुकट, बसवणी फुकट," त्याची दुकानाला कल्पनाही नसते. तुम्ही तक्रार घेऊन जाता तेव्हा तो दुसऱ्या शाखेत गेलेला असतो. त्याने दिलेला प्रत्येक शब्द बिलावर किंवा बिलाच्या मागे लिहून दुकानाचा शिक्का घ्या. लिहून द्यायला टाळाटाळ केली, तर ते वचन नव्हतंच असं समजा.

काट्यापाशी

वाण्याकडे, मिठाईच्या दुकानात, भाजीवाल्याकडे फसवणूक लहान असते, पण रोजची असते. वस्तू ठेवण्याआधी काटा शून्यावर आहे का ते बघा. इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी वैधमापनशास्त्र विभागाकडून (वजन-मापांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याकडून) पडताळणी करून घ्यावी लागते आणि त्याचं प्रमाणपत्र दुकानात दिसेल असं लावावं लागतं. ते कुठे आहे एवढं विचारलं तरी काही ठिकाणी काटा सरळ होतो.

मिठाईचं खोकं पेढ्यांबरोबर तोलणं चूक आहे. पुठ्ठ्याचं जाड खोकं पेढ्यांच्या भावाने विकत घेऊ नका. खोकं आधी ठेवून काटा शून्य करायला सांगा. सुट्या मिठाईच्या ट्रेसमोर ती कधीपर्यंत खाण्यायोग्य आहे ती तारीख लावणं १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक आहे. दिवाळीत आणि गणपतीत ही पाटी नेमकी गायब होते. अशा वेळी तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे जाते, आणि वजनाची जाते वैधमापनशास्त्राच्या जिल्हा कार्यालयाकडे. दोन्हींची सरमिसळ करू नका.

सोनं घेताना

इथे जास्त वेळ थांबायला हवं, कारण रक्कम मोठी असते आणि घराण्याचा सराफ असल्यामुळे प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही. आजीपासूनचा सराफ असला तरी विचारा. चांगला सराफ रागावत नाही, उलट भिंग काढून दाखवतो.

१ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क (शुद्धतेची सरकारमान्य खूण) असलेल्या दागिन्यावर सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, बंधनकारक आहे. दागिन्यावर तीन खुणा दिसायला हव्यात: बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, शुद्धता (२२ कॅरेटसाठी २२के९१६) आणि एचयूआयडी. 'बीआयएस केअर' हे ॲप फोनवर घेऊन 'व्हेरिफाय एचयूआयडी'मध्ये तो क्रमांक टाकला की सराफाची नोंदणी, हॉलमार्क करणारं केंद्र, दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता दिसते. प्रकार नीट वाचा. हातात बांगडी आणि ॲपवर 'अंगठी' असेल तर दुकानातून बाहेर पडू नका.

२ ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्यांना आणि कुंदन, पोलकी, जडाऊ कामाला या सक्तीतून सूट आहे. म्हणजे मोत्यांच्या हलक्या नथीवर किंवा बाळाच्या कुडीवर खूण नसली तर ती फसवणूक असेलच असं नाही. पण मग शुद्धता बिलावर लिहून घ्या.

बिलात एकच गोळा रक्कम चालत नाही. दागिन्याचं वर्णन, सोन्याचं निव्वळ वजन, कॅरेट आणि शुद्धता, आणि हॉलमार्कचं शुल्क वेगळं लिहिलेलं असायला हवं. हे शुल्क प्रत्येक नगाला ४५ रुपये आणि त्यावर कर एवढंच आहे. 'हॉलमार्कचे पाचशे' कुणी मागितले तर ते कुठल्या हिशेबात, हे विचारा. खड्यांचं आणि लाखेचं वजन सोन्याच्या भावाने लावलंय का ते पाहा. घडणावळ हा घासाघीस करण्याचा भाग आहे, लाजू नका. आणि मोडीच्या वेळी किती घट धरणार, घडणावळ वजा करणार का, हे विकत घेतानाच लिहून घ्या. बहुतेक भांडणं विकताना होत नाहीत, मोडताना होतात.

खूण आहे पण शुद्धता कमी निघाली तर बीआयएसच्या २०१८च्या नियमांत भरपाई ठरलेली आहे: कमी पडलेल्या शुद्धतेच्या फरकाची दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च. हे सराफाला ठाऊक असतं. तुम्हालाही ठाऊक आहे एवढं त्याला कळलं, तरी पुष्कळ प्रकरणं दुकानातच मिटतात.

किरकोळ वाटणाऱ्या चार गोष्टी

छापील किंमत सर्व करांसह असते, त्यावर एक रुपयाही घेता येत नाही. 'थंड करण्याचे' दोन रुपये, 'वाहतुकीचे' पाच रुपये हे दुकानात चालत नाही. बसून खाण्याच्या हॉटेलची गोष्ट वेगळी. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये हॉटेलांना त्यातून सूट दिली, कारण तिथे तुम्ही बाटलीबरोबर बसण्याची जागा आणि सेवाही घेता.

पिशवीचे पैसे. चंडीगडच्या ग्राहक मंचाने (आताच्या ग्राहक आयोगाने) २०१९ मध्ये बाटाला ३ रुपयांच्या कागदी पिशवीपायी ९,००० रुपये भरायला लावले. डिसेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने बिग बझारच्या प्रकरणात आक्षेप घेतला तो पिशवीच्या किमतीवर नव्हे. पिशवीला पैसे पडतील हे आधी न सांगता बिलाच्या वेळी ती गळ्यात मारण्यावर. दुकानात शिरतानाच स्पष्ट पाटी असेल, तर मात्र तुमची बाजू कमकुवत होते. कापडी पिशवी घेऊन जा, प्रश्न मिटला.

मोबाइल नंबर दिल्याशिवाय बिल होत नाही, असं सांगतात. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये दुकानांना बजावलं की नंबर देण्याची सक्ती करू नये. "नंबर देणार नाही, बिल करा," एवढंच शांतपणे म्हणा. संगणकात शून्यं टाकून बिल होतं, हे काउंटरवरच्या मुलीला माहीत असतं.

डेबिट कार्डावर दोन टक्के जास्त मागणं रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच अमान्य ठरवलं आहे. सुट्यांऐवजी चॉकलेट घ्यायचं की नाही ही तुमची निवड. पुढच्या वेळी तीच चॉकलेटं घेऊन पैसे म्हणून दिलीत तर तो घेत नाही, यावरून काय ते समजा.

माल बिघडला: दुकानात परत जाताना

वेळ निवडा. दुकान उघडल्याउघडल्या जाऊ नका. भवानी व्हायच्या आधी माल परत घेणं कुणालाच नको असतं, आणि दिवेलागणीलाही तेच. रविवार संध्याकाळ आणि सणाचा आदला दिवस टाळा. सोमवार ते गुरुवार, अकरा-बाराच्या सुमारास मालक किंवा मॅनेजर मोकळा असतो आणि काउंटरवर गर्दी नसते. गर्दीसमोर ओरडून काम होतं असं पुष्कळांना वाटतं. कधी होतंही. पण त्याने मालक हट्टालाही पेटतो.

वस्तू, बिल, लेबल, खोकं, जे काही असेल ते बरोबर न्या. कपडा धुतला असेल तर खोटं सांगू नका. पहिल्या धुण्यात रंग गेला हीच तर तक्रार आहे. बिघाडाचा छोटा व्हिडिओ फोनमध्ये असू द्या, कारण दुकानात नेल्यावर यंत्रं शहाण्यासारखी चालतात.

काउंटरवरच्या पोराशी वाद घालू नका. त्याच्या हातात काही नसतं आणि बहुतेक वेळा चूकही त्याची नसते. "हा निर्णय कोण घेतं? मला त्यांच्याशी बोलायचंय," हे पहिलं वाक्य असू द्या. मग तीन वाक्यांत विषय मांडा: "दादा, १२ तारखेला ही इस्त्री तुमच्याकडून घेतली, हे बिल. चौथ्या दिवशी तापायची थांबली. मला बदलून हवी आहे." काय हवंय ते एकच सांगा. दुरुस्ती, बदली की पैसे, यांतलं नेमकं काय ते न ठरवता गेलात, तर समोरचा त्याला सर्वांत स्वस्त पडेल ते तुमच्या पदरात टाकतो.

ठरलेलं उत्तर येतं: "आम्ही फक्त विकतो, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा." व्यवहार म्हणून सर्व्हिस सेंटरला जाणं अनेकदा सोपं असतं, पण तुमचा करार विकणाऱ्याशी झाला आहे आणि तो हात झटकू शकत नाही. पुढे आयोगात जायची वेळ आली तर दुकान आणि कंपनी दोघांनाही विरुद्ध पक्ष करायचं.

सर्व्हिस सेंटरला गेलात की जॉब शीट, म्हणजे तक्रार आणि दुरुस्ती नोंदवलेला कागद, घेतल्याशिवाय वस्तू सोडू नका. तक्रार तुमच्या शब्दांत लिहिली आहे का ते वाचा. 'ग्राहक म्हणतो बंद पडतो' आणि 'सामान्य तपासणी' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तोच बिघाड तीनदा झाला तर तीन जॉब शीट हव्यात. यंत्र मुळातच सदोष आहे हे त्यांवरूनच दाखवता येतं. तंत्रज्ञ घरी येऊन "किरकोळ आहे मावशी, केलं नीट" म्हणून निघून गेला आणि कागद दिला नाही, तर ती भेट कागदोपत्री झालीच नाही.

तिसरी पायरी: लेखी कळवा

दोनदा जाऊन काम झालं नाही की जाणं बंद करा आणि लिहा. वकिलाची गरज नाही. ईमेल करा आणि त्याच मजकुराचं पत्र स्पीड पोस्टाने पाठवा. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झालं आहे. पावती आणि पोहोच जपून ठेवा. मजकूर असा पुरतो:

"दि. ____ रोजी आपल्या दुकानातून बिल क्र. ____ अन्वये ____ (मॉडेल, सीरियल नंबर) ही वस्तू रु. ____ देऊन घेतली. दि. ____ रोजी तिच्यात ____ हा दोष आढळला. दि. ____ व दि. ____ रोजी दुकानात येऊन सांगितलं, परंतु वस्तू बदलून दिली गेली नाही. सोबत बिल व जॉब शीटच्या प्रती जोडल्या आहेत. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत वस्तूची किंमत परत करावी. तसं न झाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये दाद मागावी लागेल."

विशेषणं घालू नका. 'लुटारू', 'फसवे' हे शब्द मन हलकं करतात, पण नंतर आयोगासमोर तेच पत्र वाचलं जाणार असतं. समाजमाध्यमावर लिहायचं असेल तरी एवढेच तथ्य आणि बिलाचा फोटो (नंबर-पत्ता झाकून) टाका. मोठ्या साखळी दुकानांवर याचा लवकर परिणाम होतो, गल्लीतल्या दुकानावर जवळजवळ नाही. गल्लीतल्या दुकानदाराला शेजारपाजारची चर्चा जास्त टोचते.

चौथी पायरी: १९१५

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा हा क्रमांक. मराठीसह १७ भाषांत बोलता येतं. संकेतस्थळ, ॲप आणि व्हॉट्सॲपवरही तक्रार नोंदवता येते. बिल आणि पत्राची प्रत जोडा, मिळालेला डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) लिहून ठेवा. ही अदालत नव्हे. ते तुमची तक्रार कंपनीपुढे ठेवतात आणि पाठपुरावा करतात. मोठ्या कंपन्या आणि साखळी दुकानं हेल्पलाइनशी जोडलेली असल्याने तिथे बरेचदा खरोखर काम होतं, कारण कंपनीत ही तक्रार वेगळ्या टेबलावर जाते. एकट्यादुकट्या दुकानाबाबत फार आशा ठेवू नका. तरी नोंदवा, पुढे कागद कामाला येतो.

लिहिणं-वाचणं कुणाला जड जात असेल तर ग्राहक चळवळीतल्या संस्थांची मदत घ्या. महाराष्ट्राला ही परंपरा जुनी आहे. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची सुरुवात केली आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, म्हणजे देशात ग्राहकांसाठी १९८६चा पहिला कायदा होण्याच्या दशकभर आधी. मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या कुटुंबांचे संघ करून महिन्याचा किराणा एकत्र घेण्याची पद्धत रुजवली, तीही दुकानदाराच्या मनमानीला उत्तर म्हणूनच.

पाचवी पायरी: जिल्हा आयोग

लोक इथे येतायेता थकतात किंवा 'कोर्टाची पायरी' म्हणून घाबरतात. पण ही पायरी वाटते तेवढी उंच नाही.

तुम्ही मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात होते. मोजली जाते ती दिलेली किंमत, मागितलेली भरपाई नव्हे. ५ लाखांपर्यंत शुल्क शून्य, १० लाखांपर्यंत २०० रुपये. पूर्वी विकणाऱ्याच्या गावी जावं लागायचं. आता तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. म्हणजे मुंबईतल्या दुकानातून घेतलेल्या सदोष फ्रिजची तक्रार साताऱ्यात राहणारा माणूस साताऱ्यात करू शकतो. मुदत मात्र पाळा: तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. दुकानदार "बघतो, करतो" म्हणत राहिला तरी ही मुदत थांबत नाही. धंद्यासाठी, पुन्हा विकण्यासाठी घेतलेल्या मालाला हा कायदा लागू नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवायला घेतलेल्या शिलाई यंत्राला लागू आहे.

तक्रार ऑनलाइन 'ई-जागृती' संकेतस्थळावर दाखल होते. १ जानेवारी २०२५ पासून ते सुरू आहे. आधीच्या 'ई-दाखिल'ची लोकांनी फोनमध्ये साठवलेली माहिती आता जुनी समजा. तक्रार अर्ज, प्रतिज्ञापत्र, बिल, जॉब शीट, पत्र, पोस्टाची पावती, हेल्पलाइनचा डॉकेट नंबर, तारखांची एक साधी यादी, एवढं लागतं. मजकूर मराठीत चालतो. स्वतः उभं राहून बोलता येतं, वकील सक्तीचा नाही.

मागणी वाजवी ठेवा. वस्तूची किंमत, त्यावर व्याज, प्रत्यक्ष झालेला खर्च, मनस्तापापोटी पटण्यासारखी रक्कम आणि तक्रारीचा खर्च. दोन हजारांच्या इस्त्रीसाठी पाच लाखांचा मनस्ताप मागितला की आयोगाचा चेहराच बदलतो.

तक्रार दाखल करून घ्यायची की नाही हे साधारण २१ दिवसांत ठरावं असं कायदा सांगतो. मग समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस आणि जास्तीत जास्त १५ दिवस वाढवून मिळतात. त्यापुढे सवलत देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये पक्कं केलं. निकालासाठी तीन महिने, प्रयोगशाळेत तपासणी लागली तर पाच, असं कायद्यात आहे. प्रत्यक्षात तारखा लांबतात, ते मनाशी धरूनच चाला. सुनावणीला दूरदृश्य पद्धतीने हजर राहण्याची विनंती करता येते, आणि आयोगाने मध्यस्थी सुचवली तर नाही म्हणू नका. किरकोळ विक्रीच्या वादात समोरासमोर बसल्यावर दुकानदाराला दिवसभराचं दुकान सोडून तारखांना येणं किती महाग पडतं ते कळतं, आणि समझोता लवकर होतो.

निकाल तुमच्या बाजूने लागला आणि तरी पैसे आले नाहीत, तर स्वतः दुकानात मागायला जाऊ नका. त्याच आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करा. आदेश न पाळल्यास कलम ७२ खाली एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान २५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. दुकानदाराला अपील करायचं असेल तर ४५ दिवसांत राज्य आयोगात, आणि आदेशातली निम्मी रक्कम आधी भरून.